कामाची फोड: घरच्या कॉफीच्या दुकानात दिव्यांग सहकारी घेताना

सांगलीत आमचं छोटं कॉफीचं दुकान आहे. चालवतो आम्ही घरचेच चौघं: आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ ३४ वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. सकाळचं पहिलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टर कॉफीचा दाट अर्क, तो लावतो. त्याच्याशिवाय आणखी चार जण पगारावर आहेत. एक कर्णबधिर, एक स्वमग्न (ऑटिस्टिक) आणि दोघांना बौद्धिक दिव्यांगत्व आहे. महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात, बहुतेक आयांचे. "आमच्या मुलासाठी असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" फोनवर जे सांगून होत नाही ते इथे लिहिते आहे.

दिव्यांग सहकाऱ्यांना घेऊन कॉफीचं दुकान चालवण्याची वाट नवी नाही, हे आधी सांगते. अमेरिकेत विल्मिंग्टन गावात एमी आणि बेन राइट या जोडप्याने जानेवारी २०१६ मध्ये 'बिटी अँड बोज' हे कॉफीचं दुकान काढलं. त्यांच्या चार मुलांपैकी धाकट्या दोघांना डाऊन सिंड्रोम आहे, दुकानाला नावंही त्यांचीच आहेत. मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचं 'कॅफे अर्पण' २०१८ पासून आहे. आमच्यापासून फार लांब नसलेल्या हुबळीत २०१७ साली 'मिट्टी कॅफे' सुरू झाला आणि २०२३ मध्ये त्याची शाखा थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात गेली. मी यातलं काही जसंच्या तसं उचललं नाही. आमच्या गल्लीतली गिऱ्हाइकं वेगळी, आमची ऐपत वेगळी. पण "हे चालतं" एवढा धीर या ठिकाणांनी दिला.

आधी ज्याच्यासाठी करताय त्याला विचारा

महाराष्ट्रात विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षापर्यंत. त्यानंतर नशीब असेल तर कार्यशाळा. तिथे पणत्या रंगवायच्या, कागदी पिशव्या चिकटवायच्या. नाहीतर घर आणि टीव्ही. घरी बसलेल्या भावाला बघून आम्ही दुकानाचा विचार केला, आणि तिथेच पहिली चूक केली. तो बोलका आहे, माणसांत रमतो, म्हणून त्याला काउंटरवर उभं करायचं हे आम्हीच ठरवून टाकलं. दहा दिवसांत तो सकाळी उठेनासा झाला. पोट दुखतंय म्हणायचा. रांगेतली चार माणसं एकदम बोलायला लागली की त्याला काही सुचायचं नाही, आणि हे त्याला आमच्याजवळ सांगता येत नव्हतं. एक दिवस त्याने आत येऊन कॉफीची पूड वजनकाट्यावर मोजायला घेतली आणि दुपारपर्यंत बाहेर आलाच नाही. त्या दिवसापासून आतली बाजू त्याची.

म्हणून दुकानाला नाव शोधण्याआधी महिनाभर घरातच वेगवेगळी कामं करून बघा. दूध तापवणं, कप धुणं, मोजणं, पुसणं, ट्रे घेऊन जाणं, पैसे घेणं. काय जमतं यापेक्षा कशाकडे तो आपण न सांगता परत जातो, ते टिपून ठेवा. आणि कॉफीचं काम त्याला आवडलंच नाही, तर दुकान काढू नका. त्याला झाडं आवडत असतील तर नर्सरी बघा.

दुकानाआधी शनिवारचं टेबल

थेट गाळा भाड्याने घेऊ नका. कॅफे अर्पणवाल्यांनीही कॅफेआधी डबे पुरवले होते. आम्ही सहा महिने दर शनिवारी सोसायटीच्या फाटकाजवळ टेबल लावलं. एक शेगडी, दोन फिल्टर, ४० कप. त्या सहा महिन्यांत जे कळलं ते कुठल्या प्रशिक्षणात कळलं नसतं. भावाला सलग दोन तासांनंतर बसावं लागतं. पाऊस आला की गिऱ्हाईक दुप्पट होतं. सुट्ट्या पैशांचा गोंधळ ३५ रुपये किंमत ठेवल्यामुळे होतो, ४० ठेवली की निम्मा होतो.

कॉफी कुठली, हाही प्रश्न याच काळात सोडवा. आम्ही एस्प्रेसो यंत्राऐवजी फिल्टर कॉफी निवडली. स्वस्त पडते हे खरंच, पण खरं कारण वेगळं. एस्प्रेसोला २५-३० सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो, वाफेच्या नळीने दूध फेसाळताना हात आणि कान एकाच वेळी सावध लागतात. डिकॉक्शन सकाळी शांतपणे मोजून लावता येतं आणि गर्दीच्या वेळी उरतं ते फक्त मापाने ओतणं. ज्यांना वेळेचा ताण झेपत नाही त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. तुमच्याकडच्या माणसाला यंत्राची आवड असेल, तर जरूर यंत्र घ्या. असे लोकही मी पाहिले आहेत, आणि त्यांचा हात आपल्यापेक्षा स्थिर असतो.

जागा

गाळा बघायला जाताना मोजपट्टी न्या. पायरीला उतार करायचा तर प्रमाण १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटर उंच पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. फूटपाथवर तेवढी जागा आहे का, ते करार करण्याआधी बघा. दरवाजा ९० सेंटिमीटर मोकळा हवा, चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटरचं वर्तुळ हवं. काउंटरचा एक भाग टेबलाच्या उंचीचा ठेवा. खुर्चीवरून काम करणाऱ्यालाही तो उपयोगी आणि खुर्चीवरून येणाऱ्या गिऱ्हाइकालाही. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आयांनाही तोच भाग आवडतो, हे नंतर लक्षात आलं.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. आमच्याकडे काम करणारी स्वमग्न मुलगी (मुलगी कसली, २६ वर्षांची बाई आहे ती) मिक्सर सुरू झाला की कानांवर हात घेऊन मागच्या दाराने बाहेर जायची. आम्ही मिक्सर आतल्या खोलीत नेला, त्याखाली रबरी चटई घातली, आणि तो सुरू करण्याआधी हात वर करायचा असा नियम केला. खर्च ३०० रुपये. तिचं बाहेर जाणं थांबलं. मिणमिणणारी ट्यूबलाइट त्याच आठवड्यात बदला. आणि आत एक कोपरा असा ठेवा की दहा मिनिटं कोणी काही न विचारता तिथे बसता येईल.

कंसात जे लिहिलं ते मुद्दाम लिहिलं. या क्षेत्रात सगळेच "आमची मुलं" म्हणतात, मग ती मुलं चाळिशीची का असेनात. मलाही सवय आहे, मी मोडते आहे. मुलं म्हटलं की पगाराचा, सुट्टीचा, चूक झाल्यावर जाब विचारण्याचा विषय आपोआप मागे पडतो.

कागद

अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना (उलाढालीप्रमाणे), गुमास्ता, महापालिकेची परवानगी, गॅसची जोडणी व्यावसायिक. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, मग तो दिव्यांग असो वा नसो. हे सगळं कुठल्याही हॉटेलवाल्याला माहीत असतं, त्यात अडकू नका.

दिव्यांग सहकाऱ्यांसाठी वेगळं एवढंच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बऱ्याच योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. त्यासाठीचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, प्रत्येकाचं आहे का ते बघा. नसेल तर अर्ज भरायला मदत करा. पगार बँकेतच द्या, आणि खातं त्या व्यक्तीच्या नावावर असू द्या, आईच्या नव्हे. माणसं दहा किंवा जास्त झाली की कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) विषय येतो. तिथे पगाराची मर्यादा इतरांना २१ हजार आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना २५ हजार आहे. एखाद्याला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळत असेल, तर पगार सुरू होण्याआधी तहसील कार्यालयात त्याच्यासह जाऊन विचारा. त्या योजनेला उत्पन्नाची अट आहे, आणि सुरू असलेला पैसा अचानक बंद झाला तर घरचे लोक नोकरीच सोडायला लावतात.

भांडवलासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाची कर्जं आहेत. आमचं झालं नाही, आम्ही बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून केलं. पण चौकशी करा.

माणसं कशी निवडायची

मुलाखत घेऊ नका. ज्याला बोलण्याची अडचण आहे त्याची बोलण्याची परीक्षा घेऊन काय कळणार? आम्ही तीन दिवस कामावर बोलावतो, त्या तीन दिवसांचे पैसे देतो. पहिल्या दिवशी आई-वडील सोबत आले तर चहा देऊन परत पाठवतो. आई समोर असली की उत्तर आई देते.

विशेष शाळा, कार्यशाळा, पालकांच्या संघटना यांच्याकडे विचारा, पण "शांत, हुशार असा एखादा द्या" असं म्हणू नका. कुठलं काम आहे ते सांगा: "रोज चार तास, कप धुणं आणि लावणं, उभं राहून, ओल्या हातांनी." शिक्षकांना मग नेमकं माणूस आठवतं. आमच्याकडे कप धुणारा गृहस्थ असाच आला. त्याला पाण्यात हात घालायला आवडतं आणि एका ओळीत वस्तू लावल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेत ही सवय मोडायचा प्रयत्न झाला होता म्हणे.

पहिल्या वर्षी दोघांपेक्षा जास्त घेऊ नका. आणि एक गोष्ट आईने सुरुवातीलाच ठरवली, ती फार उपयोगी पडली: घरचा माणूस आणि बाहेरचा माणूस यांना नियम एकच. भाऊ उशिरा आला तर त्याचाही खाडा.

कामाची फोड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "कॉफी कर" हे एक काम नाही, ती पंधरा-वीस कामं आहेत, आपल्या हाताला सवय असल्यामुळे ती एक वाटतात. आम्ही बाबांना एक कॉफी करायला लावली आणि मी शेजारी बसून त्यांनी केलेली प्रत्येक हालचाल लिहिली. पहिल्या कागदावर २३ ओळी झाल्या. त्या पुन्हा पुन्हा करून बघून डिकॉक्शन लावण्याच्या अशा राहिल्या:

१. हात धू. लाल एप्रन घाल.
२. फिल्टरचे चार भाग ट्रेवर लाव. ट्रेवर प्रत्येक भागाची आकृती काढली आहे, ती झाकली गेली पाहिजे.
३. काट्यावर डबा ठेव. काटा सुरू कर. शून्य दिसेपर्यंत थांब.
४. पूड घाल. १०० दिसलं की थांब.
५. पूड वरच्या भांड्यात घाल. चकतीने हलकं दाब, एकदाच.
६. किटलीत निळ्या पट्टीपर्यंत पाणी घे (पट्टी ५०० मिलीवर चिकटवली आहे). बटण दाब.
७. बटण आपोआप बंद झालं की दोन्ही हातांत उष्णता न लागणारे मोजे घाल.
८. पाणी गोल फिरवत ओत. झाकण लाव.
९. घड्याळाची कळ दाब. ते वाजेपर्यंत फिल्टरला हात लावू नको.
१०. खालच्या भांड्यावर आजच्या तारखेची चिठ्ठी लाव.

शंभर ग्रॅम पुडीला पाचशे मिली पाणी, त्यातलं बरंचसं पूड पिऊन घेते, हाती साधारण ३०० मिली डिकॉक्शन येतं. तीस मिलीच्या पळीने दहा कप. पळी तेवढ्याच मापाची विकत आणली, म्हणजे "थोडं घाल, जरा कमी घाल" हा शब्दच दुकानातून गेला. "थोडं" हा शब्द भावाला वर्षानुवर्षं छळत आला होता, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. दूध मोजायला १०० मिलीचा स्टीलचा पेला. साखर घालतो ती चमच्याने, तोही एकच. ज्याला जास्त हवी त्याच्या टेबलावर डबी आहे.

कॉफीची चव यामुळे सुधारली, हे आम्ही धरलं नव्हतं. घरात बाबा करतात ती कॉफी रोज वेगळी लागते. दुकानातली रोज तशीच लागते. गिऱ्हाईक त्यासाठी परत येतं.

फोड केल्यावर प्रत्येक ओळीसमोर विचारा: इथे तो अडतो का? अडत असेल तर माणसाला आणखी शिकवण्याआधी वस्तू बदलता येईल का? आमचा अनुभव असा की दहापैकी सात वेळा वस्तू बदलून काम होतं. ट्रे घसरत होता, तर रबरी जाळी घातली. गोल कप हातातून निसटत होते, तर कडीचे कप आणले. हात थरथरत होता, तर कप पाऊण भरायचा आणि मोठा कप घ्यायचा. काट्यावरचे आकडे वाचता येत नसतील, तर आदल्या दिवशी शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवायच्या. ते काम दुसऱ्या कोणाला तरी फार आवडतं.

ऑर्डर घेण्याचं गणितही असंच सुटलं. बिटी अँड बोजमध्ये गिऱ्हाइकाच्या हातात पत्त्यांतलं पान देतात आणि कॉफी तयार झाली की त्या पानाचं नाव पुकारतात. वाचून मला आपलीच दोन उदाहरणं आठवली. मुंबईचे डबेवाले डब्यावरच्या रंगाच्या आणि आकड्या-अक्षरांच्या खुणांवर एवढा पसारा चालवतात. आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून न वाचणाऱ्या मतदाराला चिन्ह ओळखून मत देता आलंच की. आम्ही प्रत्येक टेबलावर एक चित्र चिकटवलं: आंबा, सायकल, छत्री, घुबड, बैलगाडी. ऑर्डरच्या चिठ्ठीवर तीच चित्रं, खाली पाच पदार्थांची चित्रं. गिऱ्हाईक स्वतः खूण करतं. कर्णबधिर सहकाऱ्याला ऐकावं लागत नाही, दुसऱ्याला वाचावं लागत नाही, आणि आत सगळं चित्रावर चालतं. "छत्रीला दोन!" हा आता आमच्या दुकानाचा आवाज झाला आहे.

पदार्थ पाचच ठेवा. सहावा घालायचा मोह होतो, दरवेळी होतो. प्रत्येक नवा पदार्थ म्हणजे नवी फोड, नवी चित्रं आणि दोन-तीन आठवड्यांचं शिकवणं.

शिकवायचं कसं

तोंडी सूचना कमीत कमी. आधी करून दाखवा, मग सोबत करा, मग तो करत असताना बघा, मग दोन पावलं मागे जा. शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आणि ते शिकणाऱ्याला नव्हे, आपल्याला अवघड जातं. हात शिवशिवतो. बाबांना मी पहिले दोन महिने खिशात हात घालून उभं राहायला सांगितलं होतं.

काही कामं शेवटच्या टोकाकडून शिकवली तर लवकर बसतात. कप धुवून, भरून, ट्रेवर ठेवून आपण तयार करायचा, आणि शेवटची एकच पायरी, म्हणजे टेबलावर नेऊन ठेवणं, त्याच्याकडे. गिऱ्हाईक "थँक्यू" म्हणतं. काम पुरं झाल्याचं समाधान पहिल्याच दिवशी मिळतं. ते बसलं की त्याच्या आधीची पायरी द्यायची, असं मागे मागे जायचं.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर येणार असतं, आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिला पुसला जातो. चूक झाली तर तिथेच, हळू आवाजात, एका वाक्यात सांगा. गिऱ्हाइकासमोर कधीही नाही. आणि रोज काय जमलं याची वही ठेवा, कारण पंधरा दिवस काहीच पुढे सरकत नाही असं वाटतं आणि वही उघडल्यावर दिसतं की महिन्यापूर्वी तो चौथ्या ओळीवर होता, आज आठव्या ओळीवर आहे.

कर्णबधिर सहकाऱ्यासाठी सांकेतिक भाषा सगळ्या दुकानाने शिकायची, त्याने एकट्याने आमच्या ओठांकडे बघत बसायचं नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश चित्रफितींच्या रूपात मोफत आहे. आम्ही रोज दुकान बंद करताना तीन शब्द घेतले. पहिला शब्द आईने मागितला, तो होता "दमलास?"

भाजणं, पडणं, फिट

गरम पाण्याची किटली आपोआप बंद होणारीच घ्या. शेगडीवर दूध तापवणारा माणूस दुसरं काही करणार नाही, हा नियम. जमिनीवर पाणी सांडलं की काम थांबतं, आधी पुसायचं. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना मानेच्या मणक्यांचा, हृदयाचा, थायरॉइडचा त्रास असू शकतो. दुधाच्या कॅनसारखं जड काही उचलायला देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

फिट येण्याचा त्रास कोणाला आहे ते सुरुवातीलाच घरच्यांकडून माहीत करून घ्या आणि सगळ्यांना शिकवून ठेवा. आपल्याकडे फिट आली की लोक कांदा शोधतात, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. यातलं काहीही करायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूच्या वस्तू बाजूला, माणसाला कुशीवर वळवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर १०८ ला फोन. आमच्याकडे हे एकदाच झालं. त्या दिवशी चमचा पुढे करणारे गृहस्थ गिऱ्हाईक होते आणि त्यांना अडवणारा आमचा कप धुणारा होता. त्याला पायऱ्या पाठ होत्या.

गिऱ्हाईक

गिऱ्हाइकालाही शिकवावं लागतं, आणि ते न दुखावता. भिंतीवर मोठं भाषण लावू नका. आमच्या टेबलावर चार ओळी आहेत: "ऑर्डर चिठ्ठीवर खूण करून द्या. जे वाढतात त्यांच्याशीच बोला. गर्दीत पाच-सात मिनिटं जास्त लागतील. फोटो काढण्याआधी ज्याचा काढताय त्याला विचारा."

दुसरी ओळ सगळ्यात जास्त मोडली जाते. माणसं त्याच्यासमोर उभी राहून मला विचारतात, "याला कळतं का?" मी उत्तर देत नाही, त्याच्याकडे बघते. तोच म्हणतो, "काय हवंय काका?"

"बिचारा" हा शब्द आमच्या दुकानात चालत नाही, आईने सुद्धा सोडला. काही लोक प्रेमाने पाचशेची नोट देतात आणि सुटे नको म्हणतात. आम्ही सुटे परत देतो. बक्षिसी ठेवायची असेल तर डबा आहे, त्यातलं सगळ्यांत सारखं वाटलं जातं. दयेपोटी आलेलं गिऱ्हाईक दोनदा येतं. रोज सकाळी साडेआठला येणारे बँकेतले सहा जण आमच्या भाड्याला हातभार लावतात, आणि ते आले कारण कॉफी गरम आणि एकसारखी मिळते.

हिशेब

आमच्यासारख्या गाळ्याचा अंदाज मांडून दाखवते, आकडे तुमचे घाला. भाडं २० हजार, पगार ३६ हजार, वीज-गॅस ७ हजार, कर्जाचा हप्ता ५ हजार, मोडतोड आणि किरकोळ ४ हजार. एकूण ७२ हजार. कप ४० रुपयांना विकला आणि दूध-पूड-साखर १४ रुपये धरले, तर कपामागे २६ उरतात. ७२ हजार भागिले २६ म्हणजे महिन्याला सुमारे २,७७० कप. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज १०७. छोट्या दुकानाला हे सोपं नाही, आणि यात घरच्यांचा पगार अजून धरलेलाच नाही.

म्हणून नुसत्या कप-कॉफीवर विसंबू नका. आम्हाला तारलं ते ठरलेल्या ऑर्डरींनी: दोन कचेऱ्यांना रोज अकराला थर्मास, बारशी-साखरपुड्याला कॉफीचं टेबल, दिवाळीत पुडीची पाकिटं. ठरलेली ऑर्डर आदल्या दिवशी माहीत असते, घाई नसते. आमच्या लोकांना अशीच कामं सगळ्यात छान जमतात.

पगारात कमी करू नका. किमान वेतनाच्या खाली जाणं बेकायदा आहेच, शिवाय त्याने सगळं दुकान खोटं पडतं. चार तास काम झेपत असेल तर चार तासांचे पूर्ण पैसे द्या. "तो हळू करतो" हे कमी देण्याचं कारण होऊ शकत नाही, त्याला जमेल असं काम शोधून देणं ही आपली जबाबदारी.

पालक, आणि "आमच्यानंतर"

पालकांशी एक बैठक कामाआधी, आणि मग दर तीन महिन्यांनी. प्रत्येक लग्नाला, प्रत्येक जत्रेला परस्पर सुट्टी काढली जाते. सुट्टी ज्याची त्याने मागायची, असं स्पष्ट सांगा. पगाराचं काय करायचं तेही त्यानेच ठरवायचं, निदान काही भागाचं. आमच्या एकीने पहिल्या पगारातून वडिलांना छत्री आणली होती, कारण टेबलावर तेच चित्र तिचं आवडतं.

घरच्या दुकानाचा खरा प्रश्न मात्र आपल्याच घरात असतो. आई-बाबा थकल्यावर हे कोण चालवणार? ते आत्ताच लिहून ठेवा. भागीदारीच्या करारात भावाचा वाटा किती, त्याच्या वतीने सही लागली तर कोणाची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालकत्व देते, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. आम्ही हे काम चार वर्षं लांबवलं, बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर घाईने केलं. तुम्ही घाईत करू नका.

आणि रोजच्या कारभारातून एकेक गोष्ट सोडत जा. शटरची किल्ली आम्ही भावाकडे द्यायचं ठरवलं तेव्हा तीन महिने मी रोज त्याच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून चालत गेले. कुलुपं दोन, तर चाव्यांना दोन रंगांची टोपणं, आणि कुलुपांवर त्याच रंगांचे ठिपके. शटर जड होतं, म्हणून स्प्रिंग बदलून घेतली. चौथ्या महिन्यात मी कोपऱ्यावर थांबले. पाचव्या महिन्यात घरीच थांबले, फोन हातात धरून.

आता साडेसातला शटर तो उघडतो. आम्ही आठला जातो तेव्हा डिकॉक्शन उतरत असतं.